साखरझोप

लग्नघरी रात्री गाद्या पडल्या की पहिला वाद होतो तो घोरणाऱ्या मामांच्या शेजारी कोणी निजायचे याचा. मामा स्वतः या वादात भाग घेत नाहीत, कारण एव्हाना ते घोरू लागलेले असतात. सकाळी चहाच्या वेळी कोणी त्यांची नक्कल करतो, कोणी आगगाडीची उपमा देतो, मामी तोंडाला पदर लावून हसतात, आणि "मी घोरतो? अरे, मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही!" असे म्हणून मामा सगळ्यांना आणखी हसवतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा विनोद आहे. अलीकडे मात्र मला मामांच्या त्या वाक्यात बरेच तथ्य दिसू लागले आहे. बिचारे खरोखरच रात्रभर जागे होत असत, तासाला वीस-वीस, तीस-तीस वेळा. फक्त त्यांना त्याचा पत्ता नसे.

मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पेशी, संप्रेरके, चयापचय या मंडळींशी माझी ओळख शब्दकोशापुरती. तरीही हा विषय मी लिहायला घेतला, याचे कारण माझ्यासमोर असलेली एक लाल कापडी वही. ती सांगलीच्या आमच्या दादाची. दादा हळदीचा अडत्या. रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. त्याच सवयीने त्याने आपल्या झोपेचाही जमाखर्च मांडला, आणि देशोदेशींच्या डॉक्टरांनी मोठमोठे प्रयोग करून जे काढले त्याच्याशी बऱ्याच अंशी जुळणारे असे काही त्या वहीत मला सापडले.

दादाची झोप आमच्या घराण्यात प्रसिद्ध होती. पेढीवर गिऱ्हाईक भाव विचारून उत्तराची वाट पाहत असे आणि दादाची मान छातीवर आलेली असे. भावे नाट्यमंदिरात पहिला अंक सुरू झाला की दादाचा वेगळा अंक सुरू होई. आम्ही हसत होतो. २०१८ च्या जानेवारीत सारी मंडळी सांगलीहून साताऱ्याला त्याच्या गाडीने येत होतो. तासवड्याच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागलेली. पुढची गाडी सरकली, आमची सरकेना. मागून भोंगे वाजू लागले. पाहतो तो दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून झोपलेला! पाय ब्रेकवर होता, एवढेच आमचे नशीब. पेठ नाक्यापासून तासवड्यापर्यंतचा हमरस्ता त्याने कसा पार केला असेल, हा विचार तेव्हा गाडीत कोणीच बोलून दाखवला नाही.

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, घोरण्याची मला भीती नाही वाटत हो. मध्येच थांबतात ना, त्याची वाटते. घोरणं थांबलं की मला जाग येते. मग मी मनात आकडे मोजत बसते. परवा बावन्नपर्यंत गेले होते."

सतरा-अठरा वर्षे त्या असे आकडे मोजत आल्या होत्या. कोणापाशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याच्या झोपेची तक्रार बाहेर काय सांगायची?

मिरज आमच्या भागातले वैद्यकीचे गाव. तिथल्या एका डॉक्टरांनी दादाला एक रात्र ठेवून घेतले. डोक्याला, छातीला, पायांना तारा, बोटाला चिमटा. सकाळी हिशोब हाती आला: तासाला ४६ वेळा श्वास अडकला होता. रक्तातला प्राणवायू, जो निरोगी माणसात ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असायचा, तो एका वेळी ७१ पर्यंत उतरला होता. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास बंद पडला, तर तो एक खंड धरतात. श्वास अर्धवट पडला आणि प्राणवायू उतरला, तर तोही मोजतात. तासाला पाचपर्यंत खंड असले तर चिंता नाही, पंधराच्या पुढे मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. दादा तिसाची रेघ केव्हाच ओलांडून गेला होता. रोगाचे नाव स्लीप ॲप्निया. मराठीत झोपेतला श्वासखंड म्हणावे.

असे होते कशाने? आपला घसा ही हाडाची नळी नव्हे. मऊ स्नायूंची आहे. जागेपणी ते स्नायू ती ताणून उघडी ठेवतात. झोपेत सगळे अंग सैल पडते तसे तेही पडतात. जीभ मागे जाते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग लोंबतो. नळी अरुंद झाली की हवा थरथरत जाते, ते घोरणे. नळी पुरती मिटली की घोरणेही बंद. छाती जोर लावते, पोट वरखाली होते, पण आत हवा जात नाही. अखेर मेंदू घाबरून हाक मारतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, एक मोठा हिसका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. हे सगळे विसरून.

दादाने याला आपल्या धंद्यातली उपमा दिली. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. बंद पेव उघडले की लगेच माणूस उतरवत नाहीत, तोंड उघडे टाकून बराच वेळ जाऊ देतात. आत प्राणवायू नसतो. "मास्तर," दादा मला म्हणाला, "माझ्या छातीचं रोज रात्री पेव होत होतं, आणि मीच आत उतरलेला!"

वाङ्मयाच्या माणसाला इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांच्या आधी हा रोगी एका कादंबरीकाराने पाहून ठेवला होता. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ मधल्या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे; तो दाराशी उभ्या उभ्या झोपतो. पुढे १९५६ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी अशाच एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि रोगाला पिकविकचेच नाव दिले. तो रोगी चांगला व्यवसायातला गृहस्थ. पोकरच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि असा हुकमी हात घेऊन स्वारी झोपी गेली! दिवाळीत पत्ते कुटणाऱ्या वाचकांना या संकटाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. तरीही खरे दुखणे घशात आहे, हे कळायला १९६५ उजाडावे लागले. त्या साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रात्रभराच्या आलेखांवर श्वासाचे हे खंड टिपले. इलाज म्हणजे गळ्याला खालून भोक पाडून श्वासाची वाट करणे. १९८० साली सिडनीमध्ये कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांपुढे असाच एक रोगी आला. त्याने गळा कापून घ्यायला नकार दिला. सलिव्हननी केर ओढण्याच्या यंत्रातला पंखा उलटा जोडला आणि त्याची हवा नळीने रोग्याच्या नाकात हलक्या दाबाने सोडली. घसा मिटेना. रोगी शांत झोपला. दुसऱ्या वर्षी पाच रोग्यांची ही हकीकत 'लान्सेट' या नियतकालिकात आली. आजचे सीपॅप यंत्र त्याचेच सुधारलेले रूप. उशाशी डबा, नाकावर मुखवटा, मध्ये सोंडेसारखी नळी. दादाचा पाच वर्षांचा नातू त्याला 'गणपतीआजोबा' म्हणू लागला.

आता मुद्द्याकडे येतो. दादाला आठ वर्षांपासून मधुमेह होता. यंत्र विकायला आलेल्या गृहस्थाने सांगितले, "काका, महिन्यात साखर उतरेल, वजन उतरेल, गोळ्या सुटतील." चाळीसएक हजारांचा सौदा, एवढे तरी मिळायलाच हवे, असे दादाच्या व्यापारी मनाने धरले. गोळ्या सुटण्याची वाटही त्याने पाहिली नाही. आपणच आठ दिवस सोडल्या. वहिनींना डबीतल्या गोळ्या कमी होत नाहीत असे दिसले, तेव्हा घरात जे झाले ते इथे लिहीत नाही.

वहीची सुरुवात तिथपासून. तारीख, यंत्र लावल्याचे तास, उपाशीपोटीची साखर, वजन. यंत्र तास स्वतःच मोजते, त्यामुळे तिथे लबाडीला वाव नाही. पहिल्या महिन्यात दादाची दिवसाची पेंग गेली. पेढीवर तो ताठ बसू लागला. रक्तदाबही थोडा उतरला. पण साखरेचा रकाना? १६४, १५८, १७०, १६१. सहा महिने झाले तरी तेच. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी आधी ८.२ होती, आता ८.१. आणि वजन दोन किलोंनी वाढलेले! दादाचा मला फोन आला, "मास्तर, या खात्यात तोटा आहे. यंत्र परत देतो."

मला तासवड्याचा नाका आठवला. यंत्र परत गेले तर वहिनी पुन्हा आकडे मोजणार, हेही दिसत होते. माझा एक जुना विद्यार्थी साताऱ्यात डॉक्टर आहे. बी. ए. ला न जाता वेळीच विज्ञानाकडे वळला, म्हणून मी त्याला नेहमी शहाणा म्हणतो. त्याने मला वाचायला कागद दिले, अडले तिथे समजावून सांगितले. पुढचे त्याच्या आधाराने लिहितो.

श्वास अडकणे ही शरीराच्या दृष्टीने मारामारीची वेळ. घरात चोर शिरला की जसे दिवे लागतात, कड्या वाजतात, कोणी काठी शोधतो, कोणी शेजाऱ्याला हाक मारतो, तशी अंतर्यामी धावपळ होते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, चरबीच्या साठ्यातून स्निग्धाम्ले बाहेर पडतात. लढायला किंवा पळायला इंधन नको का? पण माणूस तर अंथरुणात पडलेला. ते इंधन जाळणार कोण? स्निग्धाम्ले रक्तात फार झाली की इन्सुलिनचे कोणी ऐकेनासे होते. ही धावपळ तासाला चाळीस वेळा, वर्षानुवर्षे.

यंत्राची सवय झालेल्या रोग्यांचे यंत्र थोड्या रात्रींसाठी बंद करून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉक्टरांनी रात्रभर थोड्या थोड्या वेळाने त्यांचे रक्त तपासले. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. यंत्र बंद असलेल्या रात्री साखर, स्निग्धाम्ले, कॉर्टिसॉल, रक्तदाब सारेच वर गेलेले. म्हणजे विकणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे साफ खोटे नव्हते. श्वास आणि साखर यांचे नाते आहेच.

मग दादाच्या वहीत ते का उतरेना? गंमत अशी की मोठमोठ्या प्रयोगांतही ते नीट उतरत नव्हते. २०१४ साली अमेरिकेत १८१ लठ्ठ रोग्यांचे तीन गट केले: एकाला यंत्र, दुसऱ्याला वजन उतरवण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला दोन्ही. चोवीस आठवड्यांनी पाहिले तो ज्यांनी वजन उतरवले त्यांच्यात इन्सुलिनचे काम सुधारले, रक्तातली चरबी उतरली. नुसत्या यंत्रवाल्यांत या दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. रक्तदाबाला मात्र दोन्ही उपाय नेमाने करणाऱ्यांत सर्वांत अधिक उतार पडला. २०१६ मधला दुसरा एक प्रयोग तर सत्तावीसशे रोग्यांवरचा, आणि त्यांत भारतातलेही होते. सर्वांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार. यंत्राने त्यांची पेंग गेली, मन हलके झाले, पण हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत.

आपल्या देशातली एक हकीकत इथे सांगायलाच हवी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली ८६ रोग्यांवरचा एक अभ्यास अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीन महिने खरे यंत्र, तीन महिने लुटुपुटूचे. निष्कर्ष असा की खऱ्या यंत्राने रक्तदाब, साखर, चरबी, सगळेच सुधारते. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०१३ साली लेखकांनीच तो अभ्यास मागे घेतला. वर्तमानपत्रांतून पहिली बातमी मोठ्या अक्षरांत येते आणि दुसरी येतच नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यामुळे मागे घेतलेल्या त्या निष्कर्षासारखी आश्वासने अजून दुकानादुकानांतून ऐकू येतात. मला मात्र शास्त्राची ही रीत आवडली. ग्रंथ छापून झाल्यावर तो परत घेण्याची सोय आमच्या वाङ्मयातही असती तर!

दादाच्या वजनाचे कोडे जपानात क्योटोला उलगडलेले सापडले. २०१६ सालच्या तिथल्या अभ्यासात असे दिसले की यंत्र लावू लागल्यावर माणूस स्वस्थ पडला असताना जे उष्मांक जळतात ते थोडे घटतात. उघडच आहे, रात्रभराची कुस्ती थांबली. पण पान तेवढेच वाढले जात असते. उरलेले अंगावर बसते. अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तर ही वाढ सरासरीने अर्ध्या किलोच्या आसपास भरते. दादाचे दोन किलो सगळे यंत्राच्या माथी मारता येणार नाहीत, त्यांत वहिनींच्या पुरणपोळीचाही वाटा असणार. मी हे फोनवर वाचून दाखवले तेव्हा वहिनी पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं हे घोरून बारीक राहत होते म्हणायचे!"

आता तासांचा रकाना. सत्तावीसशे रोग्यांच्या त्या प्रयोगात माणसांनी रात्रीला सरासरी ३.३ तासच यंत्र लावले होते. दादाची सरासरी मी काढली, ती साडेतीन. रात्री अकराला यंत्र लावायचे, अडीच-तीनला बाथरूमला उठायचे, आणि परत आल्यावर "आता थोडाच वेळ राहिला" म्हणून मुखवटा बाजूला ठेवून निजायचे. आणि ही पुढची झोपच सगळ्यांत वाईट! झोपेचे अनेक थर असतात. त्यांतला एक स्वप्नांचा. त्या वेळी डोळे मिटल्यामिटल्या हलतात आणि अंगाचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, घशाचेही. ही स्वप्नांची झोप रात्रीच्या पहिल्या प्रहरी थोडी आणि पहाटेकडे अधिक. म्हणून पहाटेचे खंड लांब असतात, प्राणवायू तेव्हाच खोल उतरतो. शिकागोच्या संशोधकांना २०१४ साली असे आढळले की मधुमेही माणसाची साखर बिघडण्याशी या स्वप्ननिद्रेतल्या खंडांचेच नाते अधिक घट्ट आहे. रात्री पहिले चार तासच यंत्र लावले, तर स्वप्ननिद्रेचा निम्म्याहून अधिक भाग तसाच उघडा राहतो.

पहाटेच्या या झोपेला आपल्या भाषेत शब्द आहे साखरझोप. गोडीवरून तो पडला हे मलाही ठाऊक आहे; भाषेला वैद्यकाचे स्वप्न पडले होते असे मी म्हणणार नाही. पण दादाला मी फोनवर एवढेच सांगितले, "दादा, तू यंत्र काढून ठेवतोस ती साखरझोप. तुझी साखर तिथं आहे." व्यापाऱ्याला शब्द पटला. शिवाय मी त्याला २०१५ सालचा शिकागोचाच आणखी एक प्रयोग वाचून दाखवला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना तिथे प्रयोगशाळेतच निजवले आणि दोन आठवडे रोज पूर्ण आठ तास यंत्र लावले, कोणी काढू नये म्हणून पहारा ठेवून. त्यांचे शरीर साखर अधिक चांगली जिरवू लागले, रक्तदाबही उतरला.

सप्टेंबर २०१८ पासून तासांचा रकाना बदललेला दिसतो. ५, ५॥, ६॥. त्यासाठी मुखवटा बदलावा लागला. पहिला नाकाच्या दांडीवर टोचत होता आणि डोळ्यांत वारा जात होता. नाक चोंदते म्हणून यंत्रात ऊन पाण्याची वाफ घेण्याची सोय करून घेतली. वहिनींनी पहाटे तीनला मुखवटा पुन्हा चढवण्याचे काम स्वतःकडे घेतले. डॉक्टरांनी आहार ठरवून दिला, गोळ्यांत फेरफार केला. दादा कृष्णेच्या घाटाकडे संध्याकाळी चालू लागला. वर्षाच्या आत साखरेचा रकाना १३० च्या घरात आला, तीन महिन्यांची तपासणी ७.३ वर. यातले श्रेय यंत्राला किती, चालण्याला किती, गोळ्यांना किती? वहीवरून ते कळत नाही. दादाचे म्हणणे वेगळे. पेंग होती तोवर संध्याकाळी चालायला जाण्याची ताकदच नव्हती; तेव्हा चालण्याचेही थोडे यंत्राच्या खाती जमा करावे. मला हे पटते.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातल्या दादाच्या घराचा तळमजला बुडाला. यंत्र डोक्यावर घेऊन मंडळी माडीवर गेली, पण वीज नव्हती. वहीत सहा दिवस तासांच्या रकान्यात 'वीज नाही' असे लिहिले आहे. साखर बॅटरीच्या यंत्रावर चालूच. १४१, १४८, १५९, १६६. अमेरिकेतला प्रयोग कृष्णामाईने सांगलीत करून दाखवला असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या सहा दिवसांत चालणे बंद, नावेतून आलेली बिस्किटे आणि भात हेच जेवण, आणि खाली दुकानातला माल पाण्यात. माणसाची साखर एकट्या श्वासाने वाढते असे थोडेच आहे? वहिनी मात्र त्या सहाही रात्री जाग्या होत्या. पुराकडे पाहत नव्हत्या.

त्यानंतर वहिनींनी आमच्या सौभाग्यवतीला फोन करून माझे घोरणे ऐकायला सांगितले. मी अंगाने किडकिडीत. हा लठ्ठ लोकांचा रोग, अशी माझी समजूत होती. तपासणीत तासाला अठरा खंड निघाले. डॉक्टर विद्यार्थी म्हणाला, "सर, आपलं बारीकपण फसवं असतं." पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. २००४ साली 'लान्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२! वरून सडपातळ, आतून चरबीदार, असा आपला बांधा. त्याच साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची झोप तपासली होती. शंभरात एकोणीस-वीस जणांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि साडेसात टक्के पुरुषांना दिवसाच्या पेंगेसकट पुरता रोग होता. बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी या रोगाचे नाव घेतले आणि पुष्कळ घरांत ते प्रथमच ऐकू आले.

माझ्या यंत्राचा हिशोब थोडक्यात देतो. सकाळचे डोके दुखणे गेले. रक्तदाब थोडा उतरला. साखर आधीही बरी होती, तशीच राहिली. वजन एक किलो वाढले, मग यवतेश्वरचा घाट चढू लागलो तेव्हा उतरले.

गेल्या वर्षापासून दादाला नवे वेड लागले आहे. टिर्झेपटाइड नावाचे, आठवड्यातून एकदा टोचायचे औषध. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते घेणाऱ्या लठ्ठ रोग्यांचे वजन वर्षभरात अठरा ते वीस टक्के उतरले आणि तासाला पंचवीस ते एकोणतीस खंड कमी झाले. त्या डिसेंबरात अमेरिकेत या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. मार्च २०२५ मध्ये ते औषध भारतातही आले. वजनाची वाट आधी धरली तर श्वास आणि साखर दोन्ही मागोमाग येतात, हे त्यावरून पुन्हा दिसले. किंमत ऐकून दादाने वही मिटली होती. ती आता पुन्हा उघडली आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, पोटाची आणि मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय बोलणे नको.

त्यापेक्षा स्वस्त बातमी जयपूरची. तिथल्या डॉक्टरांनी तीस रोग्यांतल्या काहींना सहा महिने रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस शंख फुंकायला लावला. २०२५ च्या ऑगस्टात त्याचा निकाल आला. घशाचे स्नायू कसले जाऊन खंड तासाला चार-पाचाने कमी झाले, दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी. प्रयोग लहान आहे आणि यंत्र सोडावे इतका फरक नाही. पण दादाने देवघरातला शंख काढला आहे. पहाटे साडेपाचला तो फुंकतो. शेजारचे जोशी मास्तर परवा विचारत होते, पूर्वीचे घोरणे बरे नव्हते का?

या पाडव्याला दादाची नवी वही निघेल. वहीपूजनाला पेढीच्या वह्यांबरोबर ही लाल वहीही पाटावर ठेवतात, तीवरही कुंकवाने स्वस्तिक निघते. यंदा तिला एक रकाना वाढवायचा आहे असे दादा म्हणतो, इंजेक्शनचा की शंखाचा ते अजून ठरायचे आहे. वहिनींनी आपलाही एक रकाना हवा असे सांगितले. त्यांचे झोपेचे तास. गेल्या महिन्याचे त्यांनी तोंडीच दिले आहेत: सात, सात, साडेसहा, सात.